आठ पोळ्या, पाव किलो भाजी

गिरगावातला माणूस डोंबिवलीला राहायला निघाला की नातेवाईक भेटायला येतात, ते काही अभिनंदनाला नव्हे. आमची चाळ पुनर्विकासात गेली. बिल्डरने देऊ केलेल्या भाड्यात गिरगावात फार तर स्कूटर उभी करायला जागा मिळाली असती, तेव्हा आम्ही डोंबिवली पूर्वेला ‘स्टेशनपासून चालत’ असलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. (‘स्टेशनपासून चालत’ हे दलालाचे शब्द. तो स्वतः मोटारसायकलवर होता.) सामान बांधायला घेतलं त्या आठवड्यात मामांनी पाण्याची चौकशी केली, आत्याने लोकलच्या गर्दीची, आणि शेजारच्या काकांनी ‘तिकडे डॉक्टर आहेत ना चांगले?’ असं विचारून माझा हात जरा जास्तच वेळ हातात धरला. मला यातलं काहीच टोचत नव्हतं. माझी काळजी निराळी होती. खायचं कुठे?

गिरगावात हा प्रश्न कधी पडला नाही, कारण उत्तरं आमच्या जन्माआधीच ठरलेली होती. मिसळ विनय हेल्थ होमची. पीयूष पणशीकरांचं. मासे म्हणजे खोताच्या वाडीतला अनंताश्रम. तो बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण आमच्याकडची माणसं त्याच्याबद्दल अजून वर्तमानकाळात बोलतात. ‘अनंताश्रमात वाढपी कुणाशी हसून बोलत नाही’ हे वाक्य मी परवाच ऐकलं, आणि बोलणाऱ्याच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता. जो वाढपी आपल्याशी हसून बोलतो त्याच्याकडचे मासे शिळे असणार, असा आमचा एक संस्कार आहे.

शिवाय गिरगावकराच्या भूगोलात ग्रँट रोडच्या पुढे उपनगर सुरू होतं. दादर म्हणजे लांब. ठाणे म्हणजे मे महिन्याच्या सुटीत जायचं. डोंबिवली हे लोकलच्या डब्यावर लिहिलेलं नाव, तिथे कुणी उतरतं हेही आम्ही कबूल करत नसू.

आता हे सगळं अज्ञान आहे, आणि मला वाचायची वाईट खोड असल्यामुळे ते फार टिकलं नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला, 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि कोंदट शहरातली वस्ती उत्तरेला हलवायची म्हणून दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागेवर आखणी करून घरं उभी राहिली. म्हणजे ज्या दादरच्या खाण्याचे गोडवे आज सगळा महाराष्ट्र गातो, ते दादर तेव्हा गावाबाहेरचं होतं. तिथलं मामा काणे यांचं उपाहारगृह 1910 सालचं. माटुंग्याला दक्षिणेकडून आलेला कारकून वर्ग राहायला लागला आणि 1942 साली रामा नायक यांनी स्टेशनसमोर उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं, तिथे केळीच्या पानावर अजून भात वाढतात. वडापावचं श्रेय ज्या अशोक वैद्य यांना देतात, त्यांची गाडीही 1966च्या सुमारास लागली ती दादर स्टेशनच्या बाहेरच. सगळं स्टेशनच्या पायथ्याशी. उपनगरातला माणूस भुकेला होतो तो गाडीतून उतरताना. घरी पोहोचेपर्यंत त्याला दम निघत नाही. तेव्हा उपनगरात खायचं शोधायचं तर देऊळ, बाग, नाट्यगृह यांच्या नादी न लागता रेल्वेचं वेळापत्रक हातात घ्यावं, असा सिद्धांत मी सामानाच्या खोक्यांवर बसून मांडला.

‘सिद्धांत नंतर. आधी गॅसची शेगडी कुठल्या खोक्यात आहे ते सांगा,’ असं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. शेगडी त्या दिवशी मिळाली नाही.

नव्या ठिकाणी पहिली चौकशी इमारतीतच करायची असते, म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींना जिन्यात गाठलं. विचारलं, ‘इथे वडा चांगला कुठे मिळतो?’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘चांगला ना?’ ते म्हणाले. ‘मिळायचा.’

पुढे कळलं की हा त्यांचा एकट्याचा स्वभाव नाही. गिरगावकर बंद पडलेल्या हॉटेलाबद्दल वर्तमानकाळात बोलतो, तर मुरलेला डोंबिवलीकर चालू असलेल्या हॉटेलाबद्दल भूतकाळात. दुकान उघडं आहे, कढई तापली आहे, समोर पन्नास माणसं उभी आहेत, आणि त्यातलाच एक तोंडात वडा असताना सांगतो, ‘म्हाताऱ्याच्या हाताची चव होती. आता मुलगा बसतो.’ मुलगा पंचावन्न वर्षांचा असतो.

दुसऱ्या मजल्यावरचे काका जास्त मदतीचे निघाले. त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि आवाज उतरवून म्हणाले, ‘एक आहे. पण पश्चिमेला.’

डोंबिवलीत पूर्वेच्या माणसाने पश्चिमेला वडा खायला जाणं ही काय गोष्ट आहे हे बाहेरच्याला समजायचं नाही. मधे फक्त रेल्वेचे रूळ आहेत. वर पूल आहेत, पायऱ्या आहेत, अंतर दहा मिनिटांचं. पण पूर्वेला चाळीस वर्षं काढलेली माणसं मला भेटली आहेत, ज्यांनी पश्चिमेला शेवटचं पाऊल ठेवलं ते मुलाच्या लग्नाच्या कार्यालयाचं आगाऊ बुकिंग करताना. पश्चिमेचे लोकही कमी नाहीत. ‘तुमच्याकडे फडके रोड आहे, आमच्याकडे खाडी आहे,’ असं ते म्हणतात, आणि या वाक्यातून काय घ्यायचं ते आपल्यावर सोडतात. काकांना पश्चिमेचा वडा आवडतो ही बातमी काकूंनाही ठाऊक नव्हती. मी ती अजून फोडलेली नाही. इथे लिहिलं ते काकू मासिकं वाचत नाहीत म्हणून.

मग आम्ही घरचं तपास पथक काढलं. आमच्या घरात तिघांच्या तीन कसोट्या आहेत. मी पाटी वाचतो. पाटीवर पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन, पिझ्झा आणि मालवणी अशी सगळी नावं असतील, आणि खाली ‘शुद्ध शाकाहारी’ असेल, तर त्या मालवणीत काय घालतात या विचाराने मी पुढे सरकतो. बायको टेबल पुसायचं फडकं बघते. पोऱ्या ते फडकं खांद्यावरून काढून टेबलावर फिरवतो आणि परत खांद्यावर टाकतो. या प्रवासात फडक्याचा रंग कुठला दिसला त्यावर आम्ही बसतो किंवा उठतो. आणि आई चटणी मागते. नुसती चटणी. आधी चटणी, मग मागवायचं काय ते. एका ठिकाणी तिने बोटाने चटणी चाखली, मालकाकडे बघितलं आणि विचारलं, ‘डाळं किती घालता?’ मालक गल्ल्यावरून उठून आत गेला, तो आम्ही बाहेर पडेपर्यंत आला नाही.

या कसोट्यांतून स्टेशनजवळची जुनी उडुपी हॉटेलं सुखरूप पार पडली. तिथे पहाटेच्या गाड्या धरणारी माणसं इडली उभ्या उभ्या खातात आणि त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे असतं. वाढणाऱ्यालाही ते माहीत असतं. तो गिऱ्हाइकाला ‘आणखी काय?’ विचारत नाही, ‘कुठली?’ विचारतो. गिऱ्हाईक गाडीची वेळ सांगतं, आणि त्या वेळेत बसेल तेवढंच तो समोर ठेवतो. सात वाजून काही मिनिटांच्या गाडीला डोसा मिळत नाही. मागितला तर तो मान हलवतो. हा हिशेब मी त्याच्याइतका अचूक कुठल्याही स्टेशनमास्तरकडे पाहिलेला नाही.

मिसळीसाठी सगळ्यांनी एकमुखाने मुनमुनचं नाव घेतलं, म्हणजे डोंबिवलीत जेवढं एकमुखाने घेतात तेवढं: दहांतले नऊ मुनमुन म्हणाले आणि दहावा म्हणाला की त्याला गर्दी आवडत नाही. तिथे जायचं तर रविवारी जाऊ नये एवढंच सांगतो. रविवारी सकाळी अख्खं गाव झोपून उठलेलं असतं, आठवड्याची झोप पुरी झालेली असते आणि ट्रेन धरायची नसल्यामुळे अंगात नुसता जोर साठलेला असतो. तो सगळा जोर त्या रांगेत येऊन उभा राहतो. विनयच्या मिसळीशी तुलना करून सांगा, असं मामा फोनवर म्हणाले. मी म्हटलं, मिसळीची तुलना करायची नसते. खरं म्हणजे माझ्या नाकातून पाणी येत होतं आणि मोठं वाक्य बोलणं शक्य नव्हतं.

तिखटाचा विषय निघालाच आहे तर ठाण्याला वाटेत उतरायची मुभा मी स्वतःला दिली आहे हेही सांगून टाकतो. ऑफिसमधून येताना मामलेदार कचेरीजवळची मिसळ खायची, कमी, मध्यम की तिखट ते मालकाला आधी सांगायचं, आणि मग पुढची गाडी धरायची. शेजारी कुणी ‘तिखट’ म्हणाला तर आपल्याला ‘मध्यम’ म्हणायला लाज वाटते, हा त्या जागेतला खरा धोका. 16 एप्रिल 1853 रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती 34 किलोमीटर जाऊन ठाण्यालाच थांबली. कल्याणपर्यंत रूळ गेले ते पुढच्या वर्षी. त्या वर्षभरात लोक नुसते ठाण्याला येऊन, मिसळ न खाता परत कसे जात असतील, याचं मला राहून राहून नवल वाटतं. स्टेशनजवळच्या कुंजविहारचा वडापावही आधी लोकांनी एवढ्यांदा सांगितला की मी तो खाल्ला, आणि आता मीही लोकांना सांगतो. हाताच्या तळव्यात मावत नाही, एवढं वर्णन पुरे आहे.

पण हे सगळं बाहेरून आलेल्यांचं खाणं. पुण्याची माणसं, कोकणातली, गिरगाव-दादरहून सरकत आलेली, मंगळुराकडची. या गावात आधीपासून राहणारे आगरी, आणि त्यांच्या घरात काय शिजतं हे आमच्या इमारतीत एकालाही नीट सांगता येईना. ते सांगितलं रिक्षावाल्याने.

डोंबिवलीतली शेअर रिक्षा हा ज्ञान मिळवायचा एक खात्रीचा मार्ग आहे. मागे तीन माणसं बसतात, चौथा ड्रायव्हरच्या बाजूला, अर्ध्या बैठकीवर, एक पाय रस्त्याच्या मालकीचा करून. मी नेहमी चौथा असतो. त्या जागेवर ड्रायव्हरचा कोपर आपल्या बरगडीत असतो, त्यामुळे दोघांत परकेपणा राहत नाही. एके संध्याकाळी त्याने विचारलं, ‘दादूस, म्हावरं चालतं ना?’

मी म्हटलं, मी गिरगावचा आहे. त्याला वाटलं मी नाही म्हणालो. खुलासा झाल्यावर त्याने गाडी चालवता चालवता एका हाताने हवेत नकाशा काढला: पश्चिमेला जायचं, रेतीबंदरच्या रस्त्याला लागायचं, अमुक पिंपळानंतर डावीकडे, पाटी नाही, बाहेर चपला दिसतील. मागच्या तिघांपैकी एका बाईंनी जाळीतून सांगितलं, ‘पिंपळ तोडला.’ मग त्या पिंपळावर चर्चा झाली आणि मी उतरायचा स्टॉप मागे राहिला.

पण जागा मिळाली. चपला होत्या. पुढच्या पडवीत चार टेबलं, आत चूल नव्हे तर गॅसच, पण त्यावर मातीचा तवा, आणि त्या तव्यावर तांदळाची भाकरी हाताने थापून टाकणाऱ्या एक आजी. आम्ही खाताना मी त्यांच्याकडेच बघत होतो. त्या परातीत उकडीचा गोळा घेत, पाण्याचा हात लावत, आणि दोन्ही तळव्यांत फिरवत फिरवत भाकरी मोठी करत. परातीला ती टेकतच नव्हती. कडेला कुठे चीर नाही, मधे कुठे जाड नाही. तव्यावर टाकली की ती पांढरीच राही, फुगे, आणि आजी ती उलटून न बघता पुढच्या गोळ्याला हात घालत. पानात खाडीतल्या चिंबोऱ्यांचं लालभडक कालवण होतं, कोलंबीचं सुकं होतं, आणि वाटीभर सुकटीची चटणी. नारळाच्या रसाचा तो आमचा गुळगुळीतपणा इथे नव्हता. आगरी मसाल्याचा रस्सा पातळ, त्यात भाकरी बुडवायची आणि बोलणं बंद ठेवायचं.

आईने सवयीप्रमाणे आजींना विचारलं, ‘मसाल्यात काय काय घालता?’

आजींनी तवा पुसला. म्हणाल्या, ‘एवढ्या लांबून आलात, पोटभर जेवा.’

आई आयुष्यात पहिल्यांदा एका प्रश्नावर थांबली. परत येताना पुलावर म्हणाली, ‘बाई हुशार आहे.’

हिवाळ्यात संत सावळाराम महाराज क्रीडासंकुलात आगरी महोत्सव भरतो, तिथे हे सगळं एका मैदानात मिळतं. पण तिथे एवढे स्टॉल असतात की पहिल्या चार ठिकाणी पोट भरतं आणि उरलेल्यांसमोरून माणूस नुसता सुस्कारे टाकत जातो. मला ती पडवीच बरी वाटते. पत्ता मात्र विचारू नका. पिंपळ तोडला आहे.

एवढं सगळं सांगितलं तरी डोंबिवली खरोखर कुठे जेवते ते मी अजून सांगितलेलंच नाही. कारण ते मला बरेच दिवस दिसलं नव्हतं. त्याला पाटी असते, पण त्यावर ‘हॉटेल’ लिहिलेलं नसतं; टेबल नसतं, खुर्ची नसते, पाण्याचा ग्लास नसतो. एका अरुंद गाळ्यात एक काउंटर, त्यावर स्टीलचे डबे, मागे दोन-तीन बायका पोळ्या लाटतायत, आणि बाहेर पांढरा फळा: ‘आज: पोळी, ज्वारीची भाकरी, फ्लॉवर-मटार, मसूर उसळ, मसालेभात, आळूवडी (मर्यादित)’. पोळीभाजी केंद्र. आमच्या घरापासून स्टेशनपर्यंतच्या वाटेवर अशी किती आहेत ते मोजायला गेलो आणि बोटं संपली.

कारण उघड आहे. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर 48 किलोमीटर. जलद गाडीलाही तासाहून जास्त लागतो, तोही गाडीत शिरता आलं तर. नवरा-बायको दोघं सकाळी सातला बाहेर पडतात आणि रात्री आठला परत येतात. एके काळी लेडीज डब्यात बायका मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत, भाजी निवडत, लसूण सोलत; अजूनही एखादी दिसते. पण आता डब्यात मांडी पुढे करायलाच जागा नसते, सोलायचं कुठे? मग ज्या बाई घरी उत्तम स्वयंपाक करायच्या त्यांनी शेजारच्या दोन घरांसाठी पोळ्या करून द्यायला सुरुवात केली, दोनाची दहा घरं झाली, आणि मग गाळा घेतला. या गावातल्या पुष्कळ केंद्रांची कुळकथा हीच. माझा तो स्टेशनच्या पायथ्याचा सिद्धांत खरा ठरला होता, पण तो ऐकायला घरात कुणाला वेळ नव्हता.

आमचं केंद्र ज्या चालवतात त्यांना सगळा मोहल्ला काकू म्हणतो. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे गृहस्थही काकूच म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा संध्याकाळची एक जलद गाडी नुकतीच येऊन गेली होती आणि रांग फुटपाथवरून वळून औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती. रांगेत कुणाच्याच हातात मोबाइल नव्हता, कारण चर्चा चालू होती: मसुराच्या उसळीत गूळ घालावा की नाही. या गावाने 1999 साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली, 2017 साली नव्वदावं साहित्य संमेलन भरवलं. चार माणसं उभी राहिली की इथे परिसंवाद होतोच. अध्यक्ष मात्र लागत नाही. सगळे अध्यक्षीय समारोपच करतात. माझ्या पुढच्या गृहस्थांनी गुळाच्या बाजूने आणि माझ्या मागच्या तरुणाने गुळाच्या विरुद्ध भाषण केलं, आणि मधे उभा असल्यामुळे दोघांनी मला मतदार धरलं.

माझा नंबर आला. मी म्हटलं, ‘दहा पोळ्या आणि अर्धा किलो भाजी द्या.’

काकूंनी हात थांबवला. ‘माणसं किती?’

‘तीन.’

‘लहान मूल?’

‘नाही. आई आहे.’

‘आईंचं वय?’

मी सांगितलं.

‘मग आठ पोळ्या. आणि भाजी पाव किलो. उद्या शिळं खायला नका ठेवू, उद्या ताजं न्या.’ त्यांनी आठ पोळ्या मोजल्या, कागदात गुंडाळल्या, आणि मागच्या तरुणाला म्हणाल्या, ‘तुझ्या चार. रूममेट आला का परत गावाहून? मग सात.’

त्या रात्री जेवताना पोळी बरोबर पुरली. तिघांपैकी कुणाला अर्धीही कमी पडली नाही आणि टोपलीत एकही उरली नाही. आईने शेवटचा घास घेताना टोपलीत डोकावून पाहिलं आणि काही बोलली नाही, पण मला कळलं की तिला हे आवडलेलं नाही. आजवर या घरात कुणाला किती भूक आहे हे ओळखायचं काम तिचं होतं.

काकूंची माहिती तिथे थांबत नाही, हे मला हळूहळू कळलं. अख्ख्या परिसरात कोण कुठे गेलं, कोण आलं, कुणाकडे सून राहायला आली, कुणाचा मुलगा रुसून होस्टेलवर गेला, हे त्यांना पोळ्यांच्या आकड्यावरून समजतं. आकडा कमी झाला तर ‘वहिनी माहेरी?’ आणि वाढला तर ‘पाहुणे का?’ एका घराचा आकडा चारावरून दोनावर आला आणि तसाच राहिला तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. त्या घरची भाजी मात्र त्या स्वतः उठून, जरा जास्तच, घालायच्या. बायको कामासाठी दोन दिवस पुण्याला गेली होती, तर सेक्रेटरींनी जिन्यात मला गाठून ‘सगळं ठीक ना घरी?’ विचारलं. मी चक्रावलो. ते म्हणाले, ‘नाही, तुम्ही काल पाचच पोळ्या नेल्यात असं ऐकलं.’

संकष्टीला काकूंकडे उकडीचे मोदक होतात, त्याची नोंदणी दोन दिवस आधी. एकादशीला साबुदाण्याची खिचडी. श्राद्धाच्या पंधरवड्यात फळ्यावर नुसतं ‘खीर, वडे, आमसुलाची चटणी’ असतं आणि लोक त्या दिवसांत आवाज खाली ठेवून ऑर्डर देतात. दिवाळीत फराळ. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर सगळं तरुण डोंबिवली नटूनथटून लोटलेलं असतं, मुंगीला वाट नसते, आणि त्या गर्दीच्या एका कडेने म्हातारी माणसं पिशवीत चकलीचे डबे घेऊन, कुणाचा धक्का लागू नये म्हणून डबा छातीशी धरून निघालेली दिसतात. चकल्या एक नंबर. अनारशांबद्दल मी काही बोलणार नाही, कारण आई हे वाचणार आहे.

मे महिन्यात एका सोमवारी मी उतरलो, वळलो, आणि शटर खाली. त्यावर पुठ्ठा टांगलेला: ‘गावी गेलो आहोत. 22 तारखेपासून नेहमीप्रमाणे.’ रांग मात्र होती. माणसं नेहमीच्या जागी, नेहमीच्या क्रमाने उभी राहून तो पुठ्ठा वाचत होती. मागून आलेल्याने पुढच्याला ‘संपल्या?’ विचारलं. पुढचा म्हणाला, ‘बावीसपर्यंत.’ एक गृहस्थ म्हणाले, काकूंना गाव आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. दुसरे म्हणाले, आहे, पण आधी सांगायला हवं होतं, निदान एप्रिलमध्ये. कुणीतरी पश्चिमेला एक केंद्र चांगलं असल्याचं हळूच सुचवलं आणि सगळ्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो बिचारा पुलाच्या दिशेने एकटाच निघून गेला.

घरी आम्ही पोळपाट शोधला. तो शेगडीच्या खोक्यात होता. आईने पीठ मळलं, बायकोने लाटल्या, मी भाजल्या, आणि तीन माणसांत मिळून ज्या काही आकृत्या तयार झाल्या त्यातली एक श्रीलंका होती हे तिघांनाही मान्य झालं. पुढचे दिवस वरणभातावर काढले. सेक्रेटरी रोज जिन्यात भेटले की बोटांवर मोजून ‘आता पाच दिवस’, ‘आता चार’ असं सांगायचे.

बावीसला आमचे मामा पहिल्यांदाच मुक्कामाची पिशवी घेऊन डोंबिवलीला आले. मी त्यांना स्टेशनवर घेतलं आणि सरळ रांगेत नेऊन उभं केलं. शटर वर होतं. काकू गावाहून उन्हाने रापून आल्या होत्या, फळ्यावर ‘फणसाची भाजी’ लिहिलं होतं, आणि रांगेत कुणी चर्चा करत नव्हतं. फणसाच्या वासापुढे बोलायला काही उरलं नव्हतं. मामा कुजबुजले, ‘हे हॉटेल आहे का रे?’ मी त्यांना गप्प केलं.

‘आज अकरा द्या,’ मी म्हटलं.

काकूंनी मामांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, हातातल्या पिशवीकडे बघितलं.

‘राहणार आहेत की रात्रीच्या गाडीने परत?’ त्यांनी मला विचारलं. ‘तसं सांगा. राहणार असतील तर तेरा.’